आधी पाणी, मग रोलर

पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि प्रत्येक पाडकामामागे राडारोड्याचे डोंगर साचत आहेत. त्यातले स्लॅब, तुळया आणि खांब वेगळे काढून क्रशरमधून फोडले तर चांगली खडी मिळते. डांबराखालच्या किंवा पेव्हर ब्लॉकखालच्या थरात ती वापरता येते, हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. रस्तेकामात बांधकाम व पाडकामाचा कचरा कसा वापरावा, यावर भारतीय रोड काँग्रेसने २०१७ साली आयआरसी १२१ ही मार्गदर्शिका काढली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, केंद्राचे याच कचऱ्याविषयीचे नियम आले. पालिकांनी आणि सरकारी खात्यांनी आपल्या कंत्राटांत दहा ते वीस टक्के असा माल, गुणवत्ता सांभाळून, वापरावा असे त्या नियमांत म्हटले होते. म्हणजे कागदाची अडचण फारशी नाही. अडचण साइटवर येते, आणि ती एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘हा माल दबत नाही.’ हे वाक्य खरे नाही, पण अगदी खोटेही नाही. काँक्रीटची खडी दबते, आणि चांगली दबते. काळ्या दगडाला पुरते तेवढ्याच पाण्यात तिला दाबायला गेलो आणि काळ्या दगडाच्या वजनाचे माप तिला लावले, की मात्र ती नापास ठरते. सोसायटीचा अंतर्गत रस्ता करून घेणारे पदाधिकारी, छोटे ठेकेदार आणि पहिल्यांदाच हा माल हाताळणारे कनिष्ठ अभियंते यांना या लेखाचा उपयोग व्हावा. दबाई रोलरवर जेवढी अवलंबून असते, त्याहून जास्त ती रोलर येण्याआधीच्या एक-दोन दिवसांवर अवलंबून असते, एवढी एकच गोष्ट मला पटवून द्यायची आहे.

आधी माल समजून घेऊ. काँक्रीटची खडी म्हणजे निव्वळ दगड नव्हे. मूळच्या दगडाच्या तुकड्याला जुन्या सिमेंट-वाळूचा लेप चिकटलेला असतो आणि बारीक भागात तर हा लेपच जास्त असतो. तो सच्छिद्र आणि हलका असतो. महाराष्ट्रातला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, चांगल्या खाणीतला असेल तर साधारण एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषत नाही. काँक्रीटची खडी सहज चार-पाच टक्के पिते आणि बारीक भागात हा आकडा दहाच्या आसपासही जातो. बेसाल्टचे विशिष्ट गुरुत्व २.८ ते २.९, तर काँक्रीटच्या खडीचे बहुधा २.२ ते २.५. या दोन फरकांतून पुढचे सगळे निघते. वेट मिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळून पसरायचा खडीचा थर, त्यासाठी बेसाल्टच्या मिश्रणाची कमाल सुकी घनता समजा घनमीटरला २.२५ टन आली आणि त्यासाठी लागणारी ओल सहा टक्के निघाली, तर त्याच चाळणीच्या काँक्रीट खडीची घनता १.९५ टनांच्या घरात आणि ओल दहा टक्क्यांच्या घरात निघणे अगदी स्वाभाविक आहे. आता गणित करा. १.९५ भागिले २.२५ म्हणजे जेमतेम ८७ टक्के. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत वेट मिक्सला ९८ टक्के दबाई मागितलेली असते. प्रयोगशाळेच्या फाईलमध्ये जुन्या कामाची बेसाल्टची घनता पडून असेल आणि तीच पुढे चालवली असेल, तर काँक्रीटचा थर अगदी परिपूर्ण दाबला तरी कागदावर ८७ च्या वर जाणारच नाही. माल दबत नाही या तक्रारीचा मोठा भाग इथेच जन्माला येतो.

त्यानंतर जे घडते ते जास्त नुकसानीचे असते. आकडा येत नाही म्हणून रोलरच्या फेऱ्या वाढवल्या जातात. काळा दगड असता तर आणखी चार फेऱ्यांनी फार काही बिघडले नसते. काँक्रीटच्या खडीचा लेप मात्र रोलरखाली सुटतो, तुकड्यांच्या कडा मोडतात, बारीक पूड वाढते. घनता थोडी वाढल्यासारखी दिसते, कारण पोकळ्यांत पूड भरते. पण तुकडा तुकड्यात अडकून जी पकड तयार होते तीच सैल पडते, आणि रस्ता उभा राहतो तो त्या पकडीवर. शिवाय पुडीचे प्रमाण वाढले की थरातून पाणी निचरून जात नाही. पहिल्या पावसाळ्यात कडेने पाणी शिरले की गाड्यांच्या चाकांखाली चिखलासारखा राडा वर येतो, मग ‘राडारोड्याचा रस्ता असाच होणार’ असा शिक्का बसतो. खरे तर चूक मालाची नसते. चुकीचा आकडा गाठण्यासाठी चांगला माल भरडला गेलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येणार हे उघड आहे. घनता कमी म्हणजे ताकद कमी, मग कमी घनतेला पास कशासाठी करायचे? आक्षेप रास्त वाटतो, कारण एकाच दगडाच्या बाबतीत तो खराही असतो. बेसाल्ट २.२ पर्यंत दाबला आणि २.० पर्यंतच दाबला, तर दुसरा थर नक्कीच कच्चा. पण दोन वेगळ्या मालांची घनता एकमेकींशी ताडून पाहणे म्हणजे सागवान शिसवीपेक्षा हलके म्हणून ते कमकुवत ठरवण्यासारखे आहे. थराची ताकद ठरते ती कणांच्या आकाराने, टोकदारपणाने, त्यांच्या आपसातल्या गुंतण्याने आणि आत उरलेल्या पोकळीने. फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे कोनदार आणि खरखरीत असतात, ते छान गुंततात. अमेरिकेत हा प्रश्न निव्वळ तर्कावर सोडलेला नाही. शिकागोजवळचा एडन्स एक्स्प्रेसवे १९७० च्या दशकाच्या अखेरीस नव्याने बांधताना जुने काँक्रीट फोडून त्याच रस्त्याखाली घातले गेले. २००४ सालच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या आढाव्यात ३८ राज्ये काँक्रीटची खडी रस्त्याच्या पायाथरात वापरत असल्याची नोंद आहे. मिनेसोटातल्या मॅनरोड या चाचणी रस्त्यावर २००८ साली शेजारी शेजारी तुकडे बांधले गेले : एक पूर्ण काँक्रीट खडीचा, एक अर्धी काँक्रीट खडी आणि अर्धा नैसर्गिक माल असा, एक उखडलेल्या डांबरी मालाचा आणि एक निव्वळ नैसर्गिक मालाचा. त्यांत घनतेने हलकी असलेली काँक्रीटची खडी ताठपणात नैसर्गिक मालापेक्षा मागे पडली नाही, उलट सरस ठरली. मिनेसोटातली थंडी आपल्याकडे नाही आणि आपला पाऊस तिथे नाही, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे आणू नयेत. पण हलका म्हणजे कच्चा, हे समीकरण मोडायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

तेव्हा पहिले काम प्रयोगशाळेत. ज्या ढिगातून माल येणार आहे त्याच ढिगाची प्रॉक्टर चाचणी, म्हणजे वेगवेगळ्या ओलीला माल ठोकून कमाल सुकी घनता आणि तिला लागणारी ओल काढणारी चाचणी, करून घ्या. आयएस २७२० च्या आठव्या भागातली जड दबाईची पद्धत इथे लागू होते : ४.९ किलोचा हातोडा, ४५० मिलिमीटरवरून, पाच थर. हे प्रयोगशाळेला माहीत असतेच. त्यांना मुद्दाम सांगाव्या लागतात त्या दोन गोष्टी. एक, नमुन्यात पाणी मिसळून लगेच ठोकू नका. पाणी घालून पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा, मग ठोका. काँक्रीटची खडी पाणी सावकाश पिते. लगेच ठोकले तर पाणी कणांच्या आत न जाता बाहेरच असते, आणि चाचणीतून निघालेली ओल साइटवरच्या मुरलेल्या मालाला लागू पडत नाही. दोन, प्रत्येक बिंदूसाठी ताजा नमुना घ्या. एकच नमुना फोडून, पाणी वाढवून पुन्हा पुन्हा ठोकण्याची सवय अनेक ठिकाणी असते, त्याने माल कमी लागतो. पण काँक्रीटची खडी हातोड्याखालीही चुरडते. पाचव्या खेपेला मोजली जाते ती मूळ खडी नसून तिचा चुरा असतो, आणि घनता उगाच जास्त दिसते. मग साइटवर ती गाठण्यासाठी पुन्हा तोच जादा फेऱ्यांचा खेळ. पाच नमुन्यांचा माल लागेल, लागू द्या. ढिगात मालाला तोटा नाही.

ढीग बदलला की चाचणी बदलली पाहिजे, हेही ओघाने आले. खाणीचा दगड महिनोन्महिने एकसारखा येतो, पाडकामाचा माल तसा येत नाही. एका इमारतीचे काँक्रीट घट्ट, दुसरीचे खारे पाणी आणि गंज सोसून भुसभुशीत झालेले. म्हणून पुरवठादाराला एकच अट घाला : एका रस्त्यासाठी एकच ढीग, आणि तो फोडून, मिसळून, एकजीव केलेला. बेसाल्टची खडी आणि काँक्रीटची खडी मिसळून वापरायला हरकत नाही, काही वेळा तेच शहाणपणाचे असते. पण मिश्रणाचे प्रमाण ट्रकागणिक बदलत राहिले तर कोणत्याच घनतेला अर्थ उरत नाही.

आता पाणी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून हिशेब मांडतो. शंभर मीटर लांब, सहा मीटर रुंद, दीडशे मिलिमीटर जाड थर म्हणजे ९० घनमीटर. कमाल घनता १.९५ असेल तर ९८ टक्क्यांना १.९१, म्हणजे सुमारे १७२ टन कोरडा माल. लागणारी ओल दहा टक्के आणि ढिगातली ओल तीन टक्के असेल, तर उरलेल्या सात टक्क्यांसाठी सुमारे बारा हजार लिटर पाणी लागेल. तोच रस्ता बेसाल्टचा असता तर सुमारे १९८ टन माल, सहा टक्के ओल, ढिगात एक टक्का धरली तर दहा हजार लिटरच्या आत काम झाले असते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर मागवून निभावण्याची जी सवय हाताला असते, ती इथे दोन हजार लिटरने उणी पडते. आणि नुसते उणेच पडत नाही. जे पाणी पडते त्यातला मोठा वाटा कणांच्या पोटात जातो. दबाईला उपयोगी पडते ते कणांमधले, त्यांना एकमेकांवर सरकू देणारे पाणी. वरून टँकरचा फवारा मारला, पृष्ठभाग काळा चकचकीत झाला, रोलर फिरला आणि अर्ध्या तासात तोच पृष्ठभाग पुन्हा पांढुरका पडला, तर समजा की पाणी खडीने प्यायले आणि कोरड्या कणांवर रोलर फिरला. कोरडे कण सरकत नाहीत, ते एकमेकांवर घासून मोडतात.

म्हणून पाणी रस्त्यावर नाही, ढिगावर द्या. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, जमल्यास दोन दिवस आधी, ढीग पाण्याने मुरवून ठेवा. लोडरने एकदा उलथापालथ करा, पुन्हा पाणी द्या, रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवा. मे महिन्यात ताडपत्री नसेल तर वरचा थर सकाळपर्यंत वाळलेला असतो. मोठ्या कामावर पगमिलमधून, म्हणजे खडी आणि पाणी एकत्र घुसळणाऱ्या यंत्रातून, मिश्रण येते, तिथे फक्त उरलेली ओल भरायची. छोट्या कामावर पगमिल नसते आणि जेसीबीनेच मिसळायचे असते, तिथे तर ढीग मुरवणे हाच सगळा उपाय आहे. रस्त्यावर टँकर लागतो तो वाऱ्या-उन्हाने उडालेले पाणी भरून काढायला, तेवढाच. पाहण्याची सोपी खूण अशी : मुठीत बारीक भाग घेऊन दाबला तर गोळा व्हावा, तळहात ओला व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ही खूण प्रयोगशाळेला पर्याय नाही. प्रयोगशाळेचा आकडा येईपर्यंतची साथ आहे.

इथे दुष्काळी भागातला माणूस विचारणार : प्यायला टँकर नाही, आणि तुम्ही रस्त्याला पाजायला सांगता? प्रश्न चुकीचा नाही. सांडपाणी प्रकल्पातले शुद्ध केलेले पाणी या कामाला चालते. या थरात लोखंडी सळई नसल्यामुळे काँक्रीटच्या पाण्याइतकी काटेकोर अट नसते; फक्त त्या पाण्यातली सल्फेटची मात्रा तपासून घ्या, कारण पुढे येईलच. तेही नसेल आणि खडी क्रशर चार-पाच किलोमीटरवर असेल, तर त्या गावात काँक्रीटची खडी दूरवरून आणून वापरण्याचा आग्रह मी धरणार नाही. जिथे पाडकाम आहे, वाहतुकीचे अंतर कमी आहे आणि खाण लांब आहे, तिथे हा माल शोभतो. शहराबाहेरून चाळीस किलोमीटर ट्रक पळवून ‘हरित’ रस्ता करण्यात डिझेल जाळण्यापलीकडे काही साधत नाही.

माल पसरताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, मोठे तुकडे कडेला घरंगळणे. ट्रकमधून एकाच ठिकाणी ढीग ओतून जेसीबीच्या बकेटने ढकलत नेले की मोठे तुकडे पुढे-कडेला आणि पूड मध्ये राहते. मग मध्ये नुसती पूड आणि कडेला नुसते दगड असा थर दाबला जातो. शक्य तिथे पेव्हर वापरा, नाही तर लहान लहान ढिगांत माल टाकून ग्रेडरने पसरा. दुसरी, जाडी. विनिर्देशांप्रमाणे वेट मिक्सचा एक थर ७५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, आणि आठ-दहा टनी व्हायब्रेटर रोलर असेल तर २०० मिलिमीटरपर्यंत चालतो. सोसायटीच्या आवारात दीड-दोन टनाचा छोटा रोलर येतो, त्याच्याकडून दोनशेची अपेक्षा करू नका. शंभरच्या आतले थर घाला. जास्त जाड थर वरून फरशीसारखा कडक लागतो आणि खाली सैल राहतो, आणि ते सैलपण नंतर पेव्हर ब्लॉकच्या खळग्यांतून डोके वर काढते. पुरवठादाराकडून चाळणी जरा जाडसर बाजूची मागा. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून २५ ते ४० टक्के माल जावा अशी वेट मिक्सची मर्यादा आहे. रोलरखाली थोडे मोडणारच, म्हणून ढिगात हा आकडा तिशीच्या खाली असेल तर दबाईनंतरही तो मर्यादेत राहतो.

रोलर चालवण्यापूर्वी तीस-चाळीस मीटरचा एक तुकडा चाचणीसाठी राखा. हा सल्ला ऐकून ठेकेदार सुस्कारा टाकतात, पण काँक्रीटच्या खडीत तो चुकवून चालत नाही. पहिली फेरी व्हायब्रेटर बंद ठेवून, माल बसण्यापुरती. पुढच्या फेऱ्या कमी उसळीच्या, जास्त वेगाच्या कंपनावर. जास्त उसळी कठीण खडकाच्या भरावाला ठीक, इथे ती कण फोडते, आणि शेजारच्या जुन्या भिंतीला व पाण्याच्या लाइनला हादरे बसतात ते वेगळेच. रोलरचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत, प्रत्येक फेरीने आधीच्या पट्ट्याचा किमान एक तृतीयांश भाग झाकावा, सुरुवात कडेकडून मध्याकडे. दर दोन फेऱ्यांनंतर तीन ठिकाणी घनता मोजा आणि कागदावर मांडा. सुरुवातीला आकडा झपाट्याने चढेल, मग सपाट होईल. सपाट झाला की थांबा. आणि त्या ठिकाणचा माल काढून पुन्हा चाळणीतून घाला. दबाईआधीच्या आणि नंतरच्या चाळणीत बारीक भाग किती वाढला, हे दिसले की तुमच्या मालाला किती फेऱ्या सोसतात ते कळते. तेवढ्याच फेऱ्या पुढच्या सगळ्या कामाला. कोणत्याही पुस्तकातल्या फेऱ्यांच्या संख्येपेक्षा हा कागद खरा.

घनता मोजायची ती वाळू भरण्याच्या पद्धतीने, आयएस २७२० च्या अठ्ठाविसाव्या भागाप्रमाणे, आणि खडी जाड असल्यामुळे मोठ्या नळकांड्याने. मोठ्या महामार्गांच्या कामावर न्यूक्लियर घनतामापक असतो, त्याच्यापासून जपून. ते यंत्र ओल मोजते ती हायड्रोजनच्या आधारे. जुन्या सिमेंटमध्ये रासायनिक रीतीने बांधलेले पाणी असते, त्याचाही हायड्रोजन ते मोजते आणि ओल आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. ओल जास्त वजा झाली की सुकी घनता कमी दिसते, आणि पुन्हा ‘दबत नाही’ची ओरड. यंत्र वापरायचेच तर आधी भट्टीत वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून दुरुस्तीचा आकडा काढा. छोट्या कामावर मी आणखी एक साधे साधन सुचवेन : डीसीपी, म्हणजे आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून पडून शंकूच्या टोकाची सळई थरात घुसवणारे उपकरण. दर ठोक्याला ती किती मिलिमीटर घुसली ते मोजायचे. चाचणीच्या तुकड्यावर आलेला आकडा नोंदवा आणि रस्ताभर दर दहा-पंधरा मीटरवर तेवढाच येतो का पाहा. ते घनता नव्हे, थराचा कणखरपणा सांगते, आणि शेवटी आपल्याला हवा असतो तो तोच.

दुसरा आक्षेप जास्त अनुभवी माणसे घेतात : जुन्या सिमेंटचा जोर अजून शिल्लक असतो, पाणी मिळाले की थर आपोआप जखडतो, मग दबाईची एवढी चिकित्सा कशाला? यात अर्धे खरे आहे. फोडलेल्या काँक्रीटच्या अगदी बारीक पुडीत न भिजलेले सिमेंट सापडते आणि असे थर काळानुसार ताठ होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण हा जोर काँक्रीट किती जुने, किती फोडलेले आणि ढिगात किती पावसाळे काढलेले यावर अवलंबून असतो. तो मिळाला तर वरकमाई; जाडी ठरवताना हिशेबात धरू नये. मात्र त्याचा एक परिणाम वागणुकीत धरायलाच हवा. ओला केलेला माल त्याच दिवशी दाबून, उतार काढून पूर्ण करा. तीन-चार दिवसांनी ग्रेडर आणून पातळी सुधारत बसलात तर तयार होत असलेले बंध तुम्हीच मोडता, आणि ते पुन्हा जुळत नाहीत.

तिसरी हरकत मात्र खरी आहे आणि तिला उत्तर दबाईत नाही, निवडीत आहे. राडारोड्यात काय काय येते? न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन हवाई तळावर जुन्या धावपट्टीचे काँक्रीट फोडून भरावाला वापरले, आणि काही वर्षांनी वरची बांधकामे उचलली जाऊ लागली. तपासात कारण निघाले सल्फेटचे : त्या जमिनीतले सल्फेट आणि फोडलेले सिमेंट यांच्या अभिक्रियेने तयार होणारे फुगणारे क्षार. दबाई कितीही उत्तम असली तरी आतून फुगणाऱ्या थराला रोलर काय करणार? आपल्याकडे सल्फेट येते ते बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छतांतून आणि जिप्सम बोर्डांतून. म्हणून पाडकामापूर्वी फॉल्स सीलिंग आधी उतरवून वेगळे काढायला सांगा. जिप्सम मिसळलेला नमुना भट्टीत १०५ अंशांवर वाळवला तर जिप्सममधले बांधलेले पाणीही उडते आणि ओलीचा आकडा चुकतो, हा त्यातला आणखी एक त्रास. आणि खडीच्या टिकाऊपणासाठी दोन टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिणाऱ्या मालावर सोडियम सल्फेटची चाचणी मागितली जाते, तिच्याकडेही सावधपणे पाहा. सल्फेट सिमेंटलाच खाते, त्यामुळे ती चाचणी काँक्रीटच्या खडीला हमखास कठोर ठरते. परदेशांत अनेक यंत्रणांनी ती या मालासाठी बाजूला ठेवली आहे. तुमच्या सल्लागाराशी हे आधीच बोलून घ्या, निकाल नापास आल्यावर नको.

विटांचे काय? साध्या विटा वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकतात आणि रोलरखाली लवकर फुटतात. नेदरलँड्समध्ये काँक्रीट आणि विटांचा मिश्र चुरा पायाथरात सर्रास वापरला जातो, तेव्हा विटा निषिद्ध आहेत असे नाही. पण तिथे मिश्रणाचे प्रमाण बांधलेले असते. इथे एका ट्रकमध्ये खांब आणि दुसऱ्यात नुसती भिंत येते. म्हणून पाडतानाच सांगाडा आणि भिंती वेगळ्या करा. २०१६ च्या नियमांनी मोठ्या पाडकामांना काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे वर्गीकरण सांगितलेच होते. विटांचा माल साइडपट्टीला किंवा भरावाला जाऊ द्या. लॉस अँजेलिस घर्षण चाचणीत ज्याची झीज चाळीस टक्क्यांच्या वर गेली असा मालही वेट मिक्समध्ये नको, खालच्या थरात त्याची जागा पाहा. सळईचे तुकडे चुंबकाने काढलेले आहेत याची खात्री करा, ते टायर फाडतात आणि थरातून वर डोकावतात.

निचऱ्याच्या थरात, गटाराच्या भोवती किंवा भिंतीच्या पाणी जाण्याच्या छिद्रांमागे बारीक भाग असलेली काँक्रीटची खडी घालू नका. तिच्यातून झिरपणारे पाणी तीव्र अल्कधर्मी असते, त्यातला चुना हवेशी संबंध आल्यावर पांढऱ्या थरासारखा साचतो आणि निचऱ्याचे कापड व छिद्रे बुजवतो; अमेरिकेत ओहायोसारख्या राज्यांनी हा त्रास भोगला आहे. कोकणात, जिथे चार महिने थरातून पाणी वाहणारच, तिथे ही सूचना दुप्पट महत्त्वाची. जीआय किंवा ॲल्युमिनियमचे पाइप या खडीला थेट टेकू देऊ नका, मध्ये वाळूची किंवा मुरमाची गादी ठेवा. विहिरीजवळ हा माल नकोच.

राहिला पैशांचा विषय, आणि तो वरच्या सगळ्या सल्ल्याला आडवा जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी खडी वजनावर विकली जाते. ढीग मुरवून घ्या असे मी सांगितले, आता नऊ टक्के ओल असलेला सोळा टनांचा ट्रक काट्यावर चढला तर त्यात सव्वा टनाहून अधिक निव्वळ पाणी आहे. पुरवठादाराला ढीग भिजवायला सांगणारा आणि त्याच वेळी टनावर बिल देणारा ग्राहक पाण्याचे पैसे खडीच्या दराने मोजतो. उलट, तोच पैसा वाचवण्यासाठी कोरडा माल मागितला की दबाई बिघडते. यातून सुटायचे तर करारात मोजमाप दाबलेल्या थराच्या घनमीटरमध्ये लिहा. ते जमत नसेल तर पुरवठादाराच्या काट्यावर कोरडा माल मोजून घ्या आणि भिजवणे साइटवरच्या ढिगावर करा. टनाच्या दराने तुलना करतानाही लक्षात ठेवा की त्याच ९० घनमीटरांना बेसाल्ट १९८ टन लागतो आणि काँक्रीटची खडी १७२ टन. टनाला दोन्हींचा दर सारखाच असला, तरी रस्त्यावर पसरल्यावर काँक्रीटची खडी सुमारे तेरा टक्क्यांनी स्वस्त पडते.